नियतकालिकांतून लेखन कसे शिकावे

इंग्रजीत केवळ लेखनकलेला वाहिलेली मासिके शंभर वर्षांहून अधिक काळ निघत आली आहेत. ‘द रायटर’ हे मासिक १८८७ साली बोस्टनमध्ये सुरू झाले, आणि १९२० साली सिनसिनाटी येथे पुढे ‘रायटर्स डायजेस्ट’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या मासिकाचा आरंभ झाला. कथेची सुरुवात कोठून करावी, संवाद कसे लिहावेत, कोणता संपादक कोणत्या प्रकारचे लेखन घेतो आणि त्याला काय मोबदला देतो, असा व्यवहारी मजकूर या मासिकांत असतो. मराठीत अशा मासिकांची परंपरा रुजली नाही. लेखकाला घडवण्याचे ते काम आपल्याकडे वाङ्मयीन नियतकालिकांनी आणि त्यांच्या संपादकांनी केले, आणि आजही होतकरू लेखकाला कमी खर्चात व घरबसल्या शिकायचे असेल, तर त्यांच्याइतका चांगला गुरू मला दुसरा दिसत नाही. मात्र अंक चाळणे आणि अंकातून शिकणे यांत फार अंतर आहे. ते अंतर कसे कापावे, हे या लेखात सविस्तर मांडण्याचा प्रयत्न आहे.

पुस्तक वाचून लेखन शिकता येत नाही काय, असा प्रश्न कोणीही विचारील. येते, परंतु पुस्तक आपल्या हाती येते तेव्हा काळाने आणि प्रकाशकाने त्याची निवड केलेली असते आणि बरेचदा लेखकाने त्यावर शेवटचा हातही फिरवलेला असतो. नियतकालिकाच्या अंकात मुरलेला लेखक आणि पहिल्यांदाच छापला जाणारा लेखक शेजारीशेजारी असतात. चांगल्या कथेपुढे मध्यम कथा असते, आणि ती मध्यम का वाटली, हे शोधण्यात नवोदिताला जितके शिकायला मिळते तितके निर्दोष कथेच्या वाचनात मिळत नाही, कारण निर्दोष कथेतले सांधे दिसत नाहीत. शिवाय अंकामागे संपादकाची निवड असते. साहित्य पाठवणाऱ्या अनेकांतून हीच कथा का घेतली, आणि घेतल्यावर ती याच क्रमाने का लावली, हे प्रश्न पुस्तक वाचताना आपल्याला पडत नाहीत.

या संपादकीय कामाचे मराठीतले ठळक उदाहरण म्हणजे ‘सत्यकथा’. १९३३ साली सुरू झालेले आणि १९८२ साली बंद पडलेले हे मासिक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनामुळे नवकथेचे आणि नवकवितेचे, म्हणजे जुनी चाकोरी मोडू पाहणाऱ्या कथा-कवितेचे, महत्त्वाचे घर बनले. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर, जी. ए. कुलकर्णी यांच्या कथा तेथे येत असत. या संपादकांची ख्याती त्यांच्या पत्रांसाठी होती. कथा आवडली किंवा नाही एवढे कळवून ते थांबत नसत. कोणता प्रसंग लांबला आहे, कोणते पात्र अचानक बदलते, शेवट कोठे अपुरा पडतो, हे ते लेखकाला लिहीत आणि पुनर्लेखनाची विनंती करीत. एकच कथा दोन-तीनदा लेखकाकडे जाऊन परत येई. त्याआधी, १८९० साली ‘करमणूक’ सुरू करणाऱ्या हरि नारायण आपटे यांनी आपल्या कादंबऱ्या त्या पत्रातून क्रमशः लिहिल्या, म्हणजे लेखक आणि संपादक या दोन्ही भूमिका एकाच माणसाने आठवड्यामागून आठवडे निभावल्या. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाला वर्षातून एकदा हमखास वाचकवर्ग मिळवून देणारी एक प्रथा सुरू झाली. आजचा नवोदित लेखक याच परंपरेत पाऊल टाकतो, तेव्हा ती थोडी माहीत असणे त्याच्या उपयोगाचे आहे.

कोणता अंक घ्यावा

पहिला नियम असा की, एकाच वेळी दहा नियतकालिकांच्या मागे लागू नये. आपण ज्या प्रकारचे लेखन करू इच्छितो, त्या प्रकाराला जागा देणारे एक नियतकालिक निवडावे, त्याची वार्षिक वर्गणी भरावी आणि वर्षभर त्याचा प्रत्येक अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावा. कविता लिहिणाऱ्याने धुळ्याला पुरुषोत्तम पाटील यांनी सुरू केलेल्या ‘कवितारती’चे जुने-नवे अंक मिळवावेत. कथा, कविता आणि समीक्षा यांचा एकत्र विचार करणाऱ्याला ‘अनुष्टुभ्’ किंवा ‘मुक्त शब्द’ उपयोगी पडेल. वैचारिक लेखनाची ओढ असलेल्याने वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे ‘नवभारत’ आणि साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक पाहावे. पुस्तकांच्या जगाची ओळख करून घ्यायची असेल, तर मॅजेस्टिक प्रकाशनाचे ‘ललित’ आहे. मुलांसाठी लिहू इच्छिणाऱ्याने बालभारतीच्या ‘किशोर’ला पर्याय शोधू नये, १९७१ पासूनचे त्याचे अंक संगणकीय रूपात उपलब्ध आहेत आणि मुलांसाठी लिहिताना वाक्य किती लहान असावे, चित्राला किती जागा सोडावी, माहिती गोष्टीत कशी मुरवावी, हे पाच दशकांच्या अंकांतून पाहता येते. ‘साधना’नेही आपले जुने अंक महाजालावर वाचायला ठेवले आहेत.

साहित्यसंस्थांची मुखपत्रे नवोदितांच्या नजरेतून सहसा सुटतात, याचे मला वाईट वाटते. पुण्याच्या महाराष्ट्र साहित्य परिषदेची ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, नागपूरच्या विदर्भ साहित्य संघाचे ‘युगवाणी’, मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’ आणि हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेचे ‘पंचधारा’ यांचे अंक आपल्याच प्रदेशातले लेखक काय लिहीत आहेत, हे दाखवतात. आपल्या बोलीत कथा लिहिणाऱ्या नवोदिताला त्याच बोलीत आधी काय लिहिले गेले आहे, हे माहीत असलेच पाहिजे.

दिवाळी अंकांसाठी मात्र वेगळी पद्धत वापरावी. सगळे अंक विकत घेणे कोणालाही परवडत नाही. महाराष्ट्रातली बहुतेक वाचनालये दिवाळी अंकांची वेगळी योजना चालवतात. ठरावीक रक्कम भरली की काही महिने एकामागून एक अंक घरी नेता येतात. या योजनेत नाव नोंदवावे, पण वाचण्याची घाई करू नये. दिवाळीनंतर लगेच सगळे वाचक गाजलेल्या अंकांच्या मागे असतात. पौषात-माघात तेच अंक वाचनालयात नुसते पडून असतात आणि तेव्हा ते अधिक दिवस ठेवून घेता येतात. शिवाय जुने अंक रद्दीच्या दुकानांत आणि जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे मिळतात. अंकावर लिहायचे, खुणा करायच्या, पाने कापून चिकटवायची, तर विकत घेतलेला जुना अंकच हवा.

अंक वाचावा कसा

अंक हाती आला की प्रथम अनुक्रमणिका पाहावी आणि वहीत तिची नोंद करावी: कथा किती, कविता किती, लेख किती, प्रत्येकाला पाने किती, आणि आपल्याला अनोळखी नावे कोणती. एका ओळीत सरासरी किती शब्द बसतात आणि एका पानावर किती ओळी येतात, हे मोजले की कथेची शब्दसंख्या काढता येते. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु वर्षभराच्या अंकांची अशी नोंद झाली की त्या नियतकालिकाचा स्वभाव हातात येतो. नऊ हजार शब्दांची कथा तेथे वर्षात एकदाही आलेली नसेल, तर आपली नऊ हजार शब्दांची कथा तेथे पाठवणे व्यर्थ आहे. अनोळखी नावांवर खूण करण्याचे कारण असे की, नव्या लेखकाला तेथे खरोखरच जागा मिळते की नाही, हे संपादकीयातल्या आवाहनापेक्षा ही नावेच अधिक खात्रीने सांगतात.

त्यानंतर प्रत्यक्ष वाचन. प्रत्येक कथा दोनदा वाचावी. पहिल्यांदा साधा वाचक म्हणून, हातात पेन्सिल न घेता. कथा संपल्यावर ती कोठे रेंगाळली आणि कोठे आपण पुढचे पान उलटायला अधीर झालो, एवढेच दोन ओळींत लिहावे. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्यावी आणि चार गोष्टींवर वेगवेगळ्या खुणा कराव्यात. जेथे प्रसंग डोळ्यांसमोर घडतो आणि जेथे लेखक तो थोडक्यात सांगून टाकतो, त्या जागा वेगळ्या काढाव्यात. काळ जेथे पुढे किंवा मागे जातो, तेथे तो कोणत्या शब्दाच्या आधाराने जातो, हे पाहावे. नवोदित लेखक येथे हमखास अडखळतो आणि ‘तिला ते दिवस आठवले’ या वाक्याला शरण जातो. घटना कोणाच्या नजरेतून दिसते आहे आणि ती नजर मध्येच बदलते का, हे तपासावे. आणि निवेदनाची भाषा व संवादांची भाषा यांत किती अंतर ठेवले आहे, ते ताडून पाहावे. माणदेशची माणसे मराठी कथेत आणणाऱ्या माडगूळकरांच्या कथा या शेवटच्या दृष्टीने वाचल्या, तर बोली किती वापरावी आणि कोठे आवरती घ्यावी, यासंबंधी कोणत्याही व्याख्यानापेक्षा जास्त समजते.

एका आवडलेल्या कथेचे पहिले पान हाताने उतरवून काढावे, असा माझा आग्रह आहे. टंकलेखन करताना बोटे पुढे पळतात. हाताने लिहिताना प्रत्येक वाक्याची लांबी मनगटाला कळते. उतरवून झाल्यावर अंक मिटावा, दुसऱ्या दिवशी तेच पान आठवणीने लिहावे आणि दोन्ही पाने शेजारी ठेवावीत. आपण जेथे विशेषणे घातली तेथे मूळ लेखकाने क्रियापद वापरलेले असते, आणि आपण जे वाक्य विसरलो ते बहुधा अनावश्यक वाटणारे पण कथेचा सूर धरून ठेवणारे वाक्य असते. हे पान अर्थातच सरावापुरते आहे. ते आपल्या नावाने कोठेही वापरायचे नाही.

याहून खोल जाणारा अभ्यास करायचा असेल, तर तो ग्रंथालयातच करावा लागेल. अनेक कथासंग्रहांत कथांच्या पूर्वप्रसिद्धीची यादी दिलेली असते: कोणती कथा, कोणत्या अंकात, कोणत्या वर्षी. अशा एखाद्या संग्रहातली कथा निवडावी आणि दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थेत किंवा आपल्या जिल्ह्याच्या मोठ्या ग्रंथालयात जाऊन तो मूळ अंक मागवावा. अंकातली कथा आणि संग्रहातली कथा ओळीला ओळ लावून वाचावी. कधी काहीच बदललेले नसते. कधी शेवटचा परिच्छेद गेलेला असतो, एखाद्या पात्राचे नाव बदललेले असते, किंवा सुरुवातीचे वर्णन अर्ध्यावर आलेले असते. ज्या लेखकाला आपण मानतो, त्याने स्वतःचे छापून आलेले वाक्य नंतर का खोडले असेल, याचा विचार करण्यात घालवलेली दुपार वाया जात नाही. ग्रंथपालांना आधी दूरध्वनी करून अंक उपलब्ध आहे का, हे विचारून जावे. जुन्या नियतकालिकांची बांधणी नाजूक असते आणि ती काढून द्यायला वेळ लागतो.

क्रमशः येणारी कादंबरी हाती लागली तर तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे. प्रकरण कोठे तोडले आहे, मागच्या अंकातली गोष्ट विसरलेल्या वाचकाला ती न सांगितल्यासारखी कशी सांगितली आहे, आणि एखादे पात्र बरेच दिवस दिसले नाही तर ते परत कसे आणले आहे, या तीन प्रश्नांपुरते वाचन पुरे.

परीक्षणांच्या बाबतीत एक क्रम पाळावा. ज्या पुस्तकाचे परीक्षण अंकात आले आहे, ते पुस्तक आपण वाचलेले असेल तर परीक्षण वाचण्याआधी स्वतः दोनशे शब्दांत आपले मत लिहावे. मग परीक्षण वाचावे. परीक्षकाने जे पाहिले आणि आपल्याला दिसले नाही, त्याची नोंद करावी. १९६२ साली सुरू झालेल्या ‘आलोचना’ने मराठीत एकेका पुस्तकाची बारकाईने चिकित्सा करण्याचा पायंडा पाडला, तिचे अंक मिळाले तर सोडू नयेत.

एक उतारा, दोन प्रकारे

वाचलेले हातात कसे उतरते, हे दाखवण्यासाठी येथे एक छोटा उतारा देतो. नवोदिताच्या कथेची सुरुवात बरेचदा अशी असते:

‘सकाळचे सहा वाजले होते. पूर्वेला तांबडे फुटले होते. पाखरांचा किलबिलाट सुरू झाला होता. सुमनने हळूच डोळे उघडले. आज तिच्या आयुष्यातला अत्यंत महत्त्वाचा दिवस होता. तब्बल सात वर्षांनी तिचे वडील घरी परत येणार होते. तिच्या मनात संमिश्र भावनांचे काहूर माजले होते.’

व्याकरणाच्या दृष्टीने यात चूक नाही. परंतु वर्षभर अंक वाचून ज्याने कथांच्या सुरुवाती वहीत उतरवल्या असतील, त्याला हे लगेच दिसेल की पहिली चार वाक्ये कोणत्याही कथेच्या आरंभी बसू शकतात, म्हणून ती या कथेची नाहीत. महत्त्वाचा दिवस आहे हे लेखक सांगतो, आणि काहूर माजले हेही लेखकच सांगतो. वाचकाला स्वतः काही ओळखायचे काम उरत नाही. आता हीच सुरुवात अशी करून पाहावी:

‘वडील सकाळच्या पहिल्या एस.टी.ने उतरणार होते, म्हणून सुमनने रात्रीच आईला विचारले होते, की उद्या ताटे किती मांडायची. आईने भांडी विसळणे थांबवले नाही. सकाळी सुमनने तीन ताटे मांडली आणि चौथे पुसून ओट्यावर ठेवून दिले.’

पाखरे गेली, तांबडे गेले, काहूरही गेले. सात वर्षांचा उल्लेख पुढे केव्हाही करता येईल. घरात किती माणसे आहेत, आईच्या मनात काय आहे आणि सुमन कोणत्या पेचात आहे, हे ताटांच्या मोजणीतून वाचकापर्यंत पोहोचते. हा बदल सुचण्यासाठी प्रतिभेपेक्षा सवय अधिक लागते. वहीत कथांच्या सुरुवाती जमत गेल्या की आपल्या कथेची सुरुवात त्यांच्या शेजारी ठेवून पाहण्याची सवय लागते, आणि कथेचा खरा आरंभ बहुतेक वेळा आपल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या परिच्छेदात दडलेला सापडतो.

पाठवताना

वर्षभराच्या वाचनानंतर स्वतःचे लेखन पाठवण्याची वेळ येते, आणि शिक्षणाचा दुसरा टप्पा येथे सुरू होतो. आधी अंकात दिलेल्या सूचना वाचाव्यात. आज बहुतेक ठिकाणी युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर ई-मेलने मागवतात; जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकले असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करून, जोडाक्षरे तपासून मगच पाठवावे. संपादकाला दुरुस्ती करता येईल अशी फाइल द्यावी, केवळ छायाचित्रे किंवा पीडीएफ देऊ नये. जेथे अजून हस्तलिखित चालते, तेथे कागदाच्या एकाच बाजूवर, समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहावे आणि परतीसाठी पुरेशी तिकिटे लावलेला, स्वतःचा पत्ता लिहिलेला लिफाफा जोडावा. मूळ प्रत स्वतःकडे ठेवावी.

सोबतचे पत्र चार-पाच ओळींचे असावे. साहित्यप्रकार, शब्दसंख्या, लेखन पूर्वी कोठेही प्रसिद्ध झालेले नाही असा स्पष्ट उल्लेख, आणि आपला पत्ता. कथेचा आशय समजावून सांगू नये आणि मित्रमंडळींना ती किती आवडली, हेही लिहू नये. समाजमाध्यमांवर आधी टाकलेली कविता अनेक संपादक प्रसिद्ध झालेलीच मानतात, हे ध्यानात ठेवावे. एकच लेखन एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवणे मराठीत शिष्टाचाराला धरून नाही. दोन्हीकडे छापून आले तर दोन्ही संपादकांची मने कायमची दुखावतात. ठरलेली मुदत उलटल्यावर विनयाने एक स्मरणपत्र पाठवावे आणि तरीही उत्तर नसेल तर लेखन मागे घेत असल्याचे कळवून ते अन्यत्र द्यावे.

दिवाळी अंकांचे वेळापत्रक नवोदितांना माहीत नसते आणि त्यामुळे बरेच चांगले लेखन वाया जाते. दिवाळी शरदात असली, तरी अंकाची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, आणि पावसाळा सरत आला की मजकूर मांडणीसाठी गेलेला असतो. गणेशोत्सवात पाठवलेली कथा त्या वर्षासाठी उशिराच पोहोचते. पुष्कळ दिवाळी अंकांत बरेचसे लेखन मागवून घेतलेले असते, त्यामुळे नवोदिताने पहिला प्रयत्न नियमित अंकासाठी किंवा दिवाळी अंकाने जाहीर केलेल्या स्पर्धेसाठी करावा.

स्पर्धांविषयी अनेकांच्या मनात अढी असते. नाव झाकून परीक्षण करणारी स्पर्धा मात्र लेखकाला त्याच्या लेखनाचे खरे मोल सांगते. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली होती. कथेला पारितोषिक मिळाले आणि मग लेखकाचे खरे नाव उघड झाले. जगभर नाव असलेल्या शास्त्रज्ञाला आपली पहिली कथा नावाच्या आधाराशिवाय तपासून घ्यावीशी वाटली, ही गोष्ट प्रत्येक नवोदिताने मनात ठेवण्यासारखी आहे.

साभार परत आले तर

बहुतेक वेळा परतच येते. संपादकाने कारण लिहिले असेल तर ते पत्र तारखेसह जपून ठेवावे आणि निदान आठवडाभर कथेला हात लावू नये. नंतर पत्रातले एकेक विधान घेऊन कथेत त्याची जागा शोधावी. ‘शेवट पटत नाही’ असे लिहिले असेल, तर दोष शेवटातच असेल असे नाही. शेवटासाठी जी तयारी मध्यभागी व्हायला हवी होती, ती झालेली नसते. वाचकाला लक्षण दिसते आणि त्याचे मूळ शोधणे हे लेखकाचे काम असते. संपादकाने सुचवलेला उपाय मान्य नसला, तरी त्याने बोट ठेवलेली जागा खरोखर दुखरी आहे का, हे तपासावेच. कारण न देता परत आले, तर त्याच नियतकालिकाचे पुढचे दोन-तीन अंक पाहावेत. आपल्या विषयावरची किंवा आपल्या धाटणीची कथा त्यांत आलेली असेल, तर ती आपल्या कथेशेजारी ठेवून वाचावी.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे मला आवश्यक वाटते. एकाच नियतकालिकाचे दीर्घकाळ अनुकरण केले, तर त्याच्या अभिरुचीची कुंपणे आपल्या मनात उभी राहतात. ‘सत्यकथे’ने मराठी कथेला जे दिले ते मोठे आहे, आणि तिने ज्यांना आपले मानले नाही त्यांचा रागही खरा आहे. पन्नासच्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक, म्हणजे ठरावीक वेळापत्रक नसलेले छोटे नियतकालिक, चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल) करून काढले. साठच्या दशकात अशा अनियतकालिकांची चळवळच उभी राहिली आणि राजा ढाले व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेतून ‘अस्मितादर्श’ चालवले आणि प्रस्थापित मासिकांत ज्यांच्या अनुभवाला आणि भाषेला जागा नव्हती अशा दलित लेखकांची एक पिढी त्यातून लिहिती झाली. ‘अस्मितादर्श’चे लेखक-वाचक मेळावे म्हणजे त्या पिढीची शाळाच होती. म्हणून पहिले वर्ष एका नियतकालिकाला दिल्यावर, दुसऱ्या वर्षी त्याच्या विरुद्ध टोकाचे नियतकालिक मुद्दाम वाचावे. आपले लेखन वारंवार परत येत असेल, तर ते कच्चे आहे की चुकीच्या दारात उभे आहे, याचा निवाडा त्यानंतरच करता येतो.

स्वतः अंक काढून पाहावा

शाळा-महाविद्यालयांत हस्तलिखित अंक काढण्याची मराठीत जुनी प्रथा आहे. ती प्रथा वयाने मोठ्या नवोदितांनीही उचलावी. पाच-सहा जणांनी एकत्र यावे, प्रत्येकाने एक लेखन द्यावे आणि आळीपाळीने एकाने संपादक व्हावे. संपादकाने प्रत्येक लेखकाला किमान एक पानभर पत्र लिहावे: काय आवडले, कोठे अडखळलो, काय कापता येईल. दुसऱ्याच्या कथेतला फापटपसारा चटकन दिसतो आणि तो दाखवताना आपल्याच कथेतली तीच खोड आठवते. हे शिक्षण लेखकाच्या जागी बसून कधीच मिळत नाही.

मुद्रितशोधनही या गटातच शिकून घ्यावे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे चौदा आणि १९७२ साली त्यांत भर पडलेले चार, असे शुद्धलेखनाचे अठरा नियम टेबलावर ठेवावेत. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हे यांसाठी एक वाचन, आणि पात्रांची नावे, तारखा, नाती यांत विसंगती आहे का, यासाठी दुसरे वाचन करावे. दोन्ही कामे एकाच वाचनात होत नाहीत. शक्य असेल तर एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट फिरवावे. मोठ्याने वाचताना जीभ अडखळली की त्या वाक्यावर खूण करून पुढे जावे आणि दुरुस्ती नंतर करावी.

पहिला अंक बत्तीस पानांहून मोठा करू नये. मधोमध एक घडी घातलेल्या कागदांची पाने चारच्या पटीत येतात, म्हणून मजकूर कमी पडला तर कविता आणि जास्त झाला तर काटछाट, हा निर्णय संपादकाला करावाच लागतो. कोणता परिच्छेद गेल्याने कथेचे काही बिघडत नाही, हे त्या वेळी समजते. छापील प्रती काढता आल्या नाहीत, तर संगणकीय अंक करावा, पण पानांची मर्यादा तेवढीच ठेवावी. अंक तयार झाला की एक प्रत गावातल्या वाचनालयाला द्यावी आणि एक प्रत, अभिप्रायाच्या विनंतीसह, ज्या नियतकालिकाची आपण वर्गणी भरली आहे त्याच्या संपादकांना पाठवावी.